गृहरचना-शिक्षण, अल्पखर्ची व पर्यावरणानुकूल

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतील, स्थानिक हवामानात यांत्रिक साधनांवाचूनही सुखावह राहतील आणि ज्यांच्या बांधणीत व वापरात ऊर्जा, पाणी व खनिज द्रव्ये यांचा कमीत कमी व्यय होईल, अशा घरांची रचना करण्याचे शिक्षण. वास्तुकला, स्थापत्य अभियांत्रिकी व नगररचना या तिन्ही अभ्यासशाखांशी ते निगडित आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शिक्षणाची जी पद्धत घडत गेली, तीत प्रत्यक्ष बांधल्या गेलेल्या घरांचा व वसाहतींचा सांगोपांग अभ्यास, म्हणजेच उदाहरण-अभ्यास, यास मध्यवर्ती स्थान आहे. या पद्धतीचा इतिहास पाहता एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते : उदाहरणाचा अभ्यास इमारत पूर्ण झाली त्या दिवशी थांबविला, तर त्यातून शैली शिकता येते, रहिवाशांच्या पुढील वीस-तीस वर्षांपर्यंत तो नेला, तरच घर कसे बांधावे हे शिकता येते.

अल्पखर्ची घर व पर्यावरणानुकूल घर या कल्पना दीर्घकाळ वेगवेगळ्या मानल्या जात. पहिलीचा संबंध शासकीय गृहनिर्माण मंडळे व त्यांची अंदाजपत्रके यांच्याशी, तर दुसरीचा १९७३ नंतरच्या इंधनटंचाईने सावध झालेल्या सधन देशांशी जोडला जाई. वस्तुतः उष्ण प्रदेशांत त्या एकमेकींपासून विलग करता येत नाहीत. ज्या कुटुंबास वातानुकूलन यंत्र परवडत नाही, त्याच्या दृष्टीने भिंत, छप्पर, खिडकी व अंगण हीच हवामान-नियंत्रणाची साधने होत. सधनाच्या घराच्या रचनेतील दोष विजेच्या देयकात भरून निघतो. निर्धनाच्या घरातील दोष त्याला देहाने सोसावा लागतो. शिवाय जगातील कार्बन डाय-ऑक्साइडाच्या उत्सर्गापैकी सु. ७ ते ८ टक्के उत्सर्ग सिमेंटच्या उत्पादनातून होतो. त्यामुळे कोट्यवधी नवी घरे कोणत्या द्रव्यांची बांधावयाची, हा प्रश्न केवळ अंदाजपत्रकाचा राहिलेला नाही.

उदाहरण-अभ्यासाची पद्धत : प्रत्यक्ष घडलेली प्रकरणे विद्यार्थ्यांपुढे ठेवून त्यांतून तत्त्वे काढावयास लावण्याची पद्धत हार्व्हर्ड विद्यापीठाच्या विधी विद्यालयात क्रिस्टोफर लँगडेल याने १८७० मध्ये सुरू केली. पुढे वैद्यक, व्यवसाय-व्यवस्थापन इ. शाखांनी ती आपापल्या गरजेनुसार स्वीकारली. वास्तुकलेत जुन्या वास्तूंची मापे घेऊन नकाशे काढण्याची प्रथा तत्पूर्वीपासून होती; तथापि त्या वास्तू मंदिरे, चर्च, राजवाडे व वाडे अशा असत. गरिबाचे घर अभ्यासास योग्य आहे, असे मानले जात नसे.

घरांच्या उदाहरण-अभ्यासात नकाशाखेरीज आणखी काही गोष्टींची नोंद आवश्यक ठरते. जमीन कोणाची होती व ती कोणत्या दराने मिळाली, बांधकामाचा पैसा कोणी व किती मुदतीने दिला, कोणती द्रव्ये किती अंतरावरून आणली, वैशाखातील दुपारी घरातील व बाहेरील तपमानांत किती फरक पडतो, रहिवाशांनी कोठे भिंत पाडली व कोठे खोली वाढविली, मूळ लाभार्थी आजही तेथे राहतात काय, असे हे प्रश्न असतात. यांतील पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे दप्तरात मिळतात. उरलेल्यांसाठी घरात जावे लागते.

नवे गुर्ना : या विषयाच्या अध्यापनात पुनःपुन्हा येणारे पहिले उदाहरण ईजिप्तमधील होय. नाईलच्या पश्चिम तीरावर लक्सॉरसमोर प्राचीन थडग्यांच्या परिसरात गुर्ना हे गाव वसलेले होते. थडग्यांच्या रक्षणासाठी हे गाव हलविण्याचे पुराणवस्तू खात्याने ठरविले आणि नव्या गावाची रचना वास्तुशिल्पज्ञ हसन फाथी (१९००–८९) याच्याकडे सोपविली. महायुद्धामुळे लाकूड व पोलाद दुर्मिळ झाले होते. फाथीने उन्हात वाळविलेल्या मातीच्या विटा घेतल्या व आस्वान भागातील न्यूबियन गवंड्यांना बोलावून, खाली लाकडी आधार न देता घुमट व कमानछते उभारण्याचे त्यांचे पारंपरिक कसब उपयोगात आणले. जाड भिंती, अंगणे व वारा खाली आणणारे धारे यांमुळे घरे थंड राहत. १९४५ च्या सुमारास आरंभिलेले हे काम काही वर्षांतच थांबले व गावाचा काही भागच पूर्ण झाला. ज्यांच्यासाठी ते बांधले त्यांपैकी बहुतेक कुटुंबे तेथे राहावयास गेलीच नाहीत. जुन्या जागेशी त्यांची उपजीविका निगडित होती. शिवाय घुमटाकार छताचा संबंध त्या भागात थडग्यांशी जोडला जाई. पुढे भूजलाची पातळी वाढली आणि जमिनीतील क्षारांमुळे अनेक इमारती खचल्या.

या प्रयोगाचा वृत्तांत फाथीने स्वतः लिहिला. १९६९ मध्ये कैरो येथे व १९७३ मध्ये शिकागो विद्यापीठातर्फे तो प्रसिद्ध झाल्यावर जगभरच्या विद्यालयांत वाचला जाऊ लागला. या उदाहरणापासून दोन धडे मिळतात व ते दोन्ही शिकविणे आवश्यक असते. पहिला असा की, स्थानिक द्रव्य व स्थानिक कौशल्य यांतून स्वस्त, टिकाऊ व सुखद घर होऊ शकते. दुसरा असा की, उत्तम घरही त्यात राहणाऱ्याच्या संमतीवाचून घर होत नाही. अनेक वर्षे छायाचित्रांमधून पहिलाच धडा पोहोचला.

हवामानानुसार रचनेचे शिक्षण : ब्रिटन व इतर यूरोपीय देशांतील विद्यालयांत आशियाई व आफ्रिकी विद्यार्थी मोठ्या संख्येने येऊ लागले, तेव्हा तेथे शिकविली जाणारी बांधकामविद्या त्यांच्या देशांत लागू पडत नाही, ही तक्रार पुढे आली. १९५३ मध्ये लंडन येथे उष्ण कटिबंधीय वास्तुकलेवर परिषद भरली व १९५४ मध्ये तेथील आर्किटेक्चरल असोसिएशनच्या विद्यालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. काही वर्षांतच त्याची धुरा ओटो कोनिग्सबर्गर (१९०८–९९) याच्याकडे आली. मूळचा जर्मन असलेला हा वास्तुशिल्पज्ञ १९३९ पासून म्हैसूर संस्थानात व १९४८ ते १९५१ या काळात भारत सरकारचा गृहनिर्माण संचालक म्हणून काम करीत होता. निर्वासितांसाठी दिल्ली येथे सरकारी कारखान्यात पूर्वरचित घरे तयार करण्याचा त्याच्या कारकीर्दीतील प्रयोग फसला. कारखान्यातील तक्त्यांना तडे जात. लंडनमधील विभागात हवामानाच्या मासिक नोंदींपासून रचनेस प्रारंभ करण्यावर भर होता. कार्ल महोनी याच्या नावाने प्रसिद्ध असलेली कोष्टके याच परंपरेतील होत. तपमान, आर्द्रता व पर्जन्य यांच्या आकड्यांवरून घराची दिशा, भिंतीची जाडी, खिडक्यांचे आकारमान व छताचा प्रकार यांबाबत प्राथमिक निष्कर्ष त्यांच्या साहाय्याने साध्या गणिताने काढता येतात. १९७१ मध्ये हा विभाग लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विकास-नियोजन केंद्र म्हणून स्थलांतरित झाला.

भारतात १९५४ च्या आरंभी नवी दिल्ली येथे अल्पखर्ची घरांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले व त्याबरोबर संयुक्त राष्ट्रांची परिषदही झाली. पूर्णाकृती नमुनाघरे तेथे प्रत्यक्ष उभी केली होती. परिषदेचे संचालन जॅक्लिन टिरव्हिट (१९०५–८३) या विदुषीकडे होते व तिच्या मार्गदर्शनाखाली एका ग्रामकेंद्राचा नमुनाही उभारण्यात आला. त्याच वर्षी राष्ट्रीय इमारत संघटना स्थापन झाली. रूडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्था १९४७ पासून कार्यरत होतीच. तथापि प्रदर्शनातील घरात कोणी राहत नाही. त्यामुळे द्रव्यांची व तंत्रांची ओळख होण्यापलीकडे नमुनाघराचे शैक्षणिक मूल्य मर्यादित राहते.

लॉरी बेकर व केरळमधील प्रयोग : बर्मिंगहॅम येथे जन्मलेला व तेथेच वास्तुकला शिकलेला लॉरी बेकर (१९१७–२००७) १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांच्या सेवाकार्यासाठी भारतात आला. हिमालयातील पिठोरागढ येथे सु. सोळा वर्षे राहिल्यानंतर तो केरळमध्ये स्थायिक झाला. घराची द्रव्ये जवळच्या परिसरातूनच मिळवावीत, या महात्मा गांधींच्या विचाराचा आपल्यावर परिणाम झाल्याचे तो सांगे. तिरुअनंतपुरम येथील विकास अध्ययन केंद्राच्या इमारती ही त्याची प्रसिद्ध कृती होय. विटा कडेवर उभ्या लावून भिंतीच्या पोटात पोकळी ठेवण्याची रचना, जी रॅट-ट्रॅप बाँड या नावाने ओळखली जाते, त्याने रूढ केली. तीत विटांची सु. २५ टक्के बचत होते व पोकळीमुळे उष्णता कमी प्रमाणात आत येते. काँक्रीटच्या छतात खालच्या ताणाच्या भागात, जेथे काँक्रीट भार पेलण्याच्या कामी येत नाही, तेथे काँक्रीटऐवजी जुनी मंगलोरी कौले भरावयाची, ही भरावाच्या छताची पद्धतही त्याने प्रचारात आणली. खिडकीऐवजी विटांची जाळी, गिलाव्यावाचून भिंत, जुन्या दारांचा पुनर्वापर इ. युक्त्याही त्याच्या कामात आढळतात.

बेकरने विद्यालय काढले नाही. त्याने लहान पुस्तिका लिहिल्या व त्यांत स्वतः रेखाटने काढून, खर्च कोठे व का वाढतो ते घरमालकालाही उमजेल अशा रीतीने दाखविले. १९८५ मध्ये केरळमध्ये 'कॉस्टफोर्ड' ही संस्था निघाली. माजी मुख्यमंत्री अच्युत मेनन व अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांचा तिच्या संस्थापनेत सहभाग होता. या संस्थेने गवंडी व तरुण वास्तुशिल्पज्ञ यांचे प्रशिक्षण बांधकामाच्या जागीच चालविले. त्याच दशकात केरळमध्ये निर्मिती केंद्रांची कल्पना उदयास आली व 'हडको' या केंद्रीय गृहनिर्माण वित्तसंस्थेने (स्थापना १९७०) ती देशभर नेली. बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये अमूल्यकुमार रेड्डी (१९३०–२००६) यांच्या पुढाकाराने 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रविद्येचा गट स्थापन झाला होता. त्याने दाबून घट्ट केलेल्या, अल्प सिमेंटयुक्त मातीच्या ठोकळ्यांवर दीर्घ संशोधन केले.

बेकरच्या उदाहरणाचा दुरुपयोगही झाला. उघड्या विटांची भिंत व वर्तुळाकार जाळी ही त्याची बाह्य लक्षणे ठरून, चांगली वीट मिळत नाही अशा भागांतही ती दूरवरून विटा आणून उभारली गेली. दख्खनच्या काळ्या मातीची वीट सामान्यतः हलक्या प्रतीची असते, तर कोकणात व गोव्यात जांभा दगड पायाखाली सापडतो. बेकरची पद्धत कोकणात नेणे म्हणजे त्याची वीट नेणे नव्हे, तर जांभ्याची किफायतशीर भिंत, उतरते कौलारू छप्पर व रुंद पडवी यांचा नव्याने विचार करणे होय. उदाहरणातील तत्त्व व त्याचे रूप यांत फरक करावयास शिकविणे, हे या अध्यापनाचे एक प्रमुख कार्य ठरते.

अहमदाबाद, लिमा, बेलापूर : चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांच्या कामातून हीच गोष्ट कालक्रमाने तपासता येते. गुजरात गृहनिर्माण मंडळाच्या स्पर्धेत प्रथम आलेले त्यांचे 'नळी घर' १९६१–६२ मध्ये अहमदाबाद येथे बांधले गेले. सु. ३·६ मी. रुंद व १८ मी. लांब अशा या घरात तापलेली हवा उतरत्या छताच्या अंगाने वर चढून माथ्यावरील झरोक्यातून बाहेर पडे व खालून थंड हवा आत येई. ते १९९५ मध्ये पाडण्यात आले. आज विद्यार्थ्यांस ते नकाशावरूनच अभ्यासावे लागते.

पेरूची राजधानी लिमा येथे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने योजिलेल्या 'प्रेव्ही' या प्रायोगिक वसाहतीत कोरिया यांचा सहभाग होता. १९६९ च्या स्पर्धेत १३ परदेशी व १३ पेरूवियन वास्तुशिल्पज्ञांनी कल्प सादर केले. कोणा एकाचा कल्प न निवडता अनेकांची मिळून सु. ५०० घरे पुढील काही वर्षांत बांधण्यात आली. कुटुंबाच्या गरजेप्रमाणे घर वाढविता यावे, ही मूळ अट होती. सु. तीस वर्षांनंतर काही संशोधकांनी घरोघर जाऊन मोजमापे घेतली व २००८ मध्ये ती प्रसिद्ध केली. बहुतेक घरांवर मजले चढले होते. कोठे दुकान, कोठे शाळा, तर कोठे भाड्याच्या खोल्या निघाल्या होत्या. अंगणे झाकली गेल्याने काही घरांतील उजेड व वारा कमी झाला होता, परंतु पादचारी गल्ल्या व लहान चौक टिकून होते. वास्तुशिल्पज्ञाने काय ठरविले व त्यातील काय टिकले, हे दोन्ही एकत्र दाखविणारा असा अभ्यास विरळा होय.

बेलापूर (नवी मुंबई) येथील वसाहत १९८३–८६ या काळात 'सिडको'साठी बांधली गेली. सु. ६ हे. जागेत सु. ५५० कुटुंबांची सोय करताना कोरिया यांनी उंच इमारती टाळल्या. सात घरांचा एक समूह व मध्ये सु. ८ मी. चौरस अंगण, अशा तीन समूहांचा मिळून मोठा समूह व त्यास मोठा चौक, अशी चढती रचना त्यांनी केली. भूखंड ४५ ते ७५ चौ. मी. इतके म्हणजे गरीब व सुस्थित यांत फारसे अंतर न ठेवणारे होते. प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र असल्याने शेजाऱ्यास न विचारता ते वाढविता येई. पुढे जमिनीचे मोल वाढले. अनेक मालकांनी मूळ उतरत्या छपरांची घरे पाडून त्यांच्या जागी काँक्रीटचे बहुमजली बंगले उभारले. केवळ घराकडे पाहणारा विद्यार्थी या प्रयोगास अपयशी ठरवील. अंगणांची रचना पाहणाऱ्यास मात्र ती अद्याप वापरात असल्याचे आढळते. घर बदलावे व मोकळी जागा टिकावी, हाच मूळ कल्पाचा हेतू मानला, तर अपयश घरांच्या रचनेत नसून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना वाढत्या किंमतीपासून संरक्षण न देणाऱ्या व्यवस्थेत आहे, असा निष्कर्ष निघतो.

इंदूरमधील अरण्य : बाळकृष्ण दोशी (१९२७–२०२३) यांचा जन्म पुण्याचा व वास्तुकलेचे आरंभीचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील. अहमदाबाद येथील वास्तुकला विद्यालय त्यांनी १९६२ मध्ये व वास्तुशिल्प प्रतिष्ठान १९७८ मध्ये स्थापन केले. इंदूर विकास प्राधिकरणासाठी या प्रतिष्ठानाने सु. ८५ हे. क्षेत्रावर सु. ६,५०० भूखंडांची अरण्य ही वसाहत आखली. बहुसंख्य भूखंड दुर्बल उत्पन्नगटासाठी, प्रत्येकी सु. ३५ चौ. मी. चे होते. त्यांवर जोते, शौचालय व न्हाणी एवढेच बांधून देऊन उरलेले घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवावे, अशी योजना होती. मार्गदर्शनासाठी ८० नमुनाघरे उभारण्यात आली.

शिक्षणाच्या दृष्टीने या प्रकल्पाचा पूर्वाभ्यास अधिक महत्त्वाचा आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे अल्पखर्ची गृहनिर्माण केंद्र व वास्तुशिल्प प्रतिष्ठान यांनी इंदूरमधील झोपडवस्त्यांची मोजमापे घेतली. घरासमोरील ओटा, झाडाखालची जागा, गल्लीचे वळण, हातगाडी ठेवण्याचा कोपरा यांचे नकाशे काढले व १९८४ मध्ये ते प्रसिद्ध केले. मानकांच्या दृष्टीने निकृष्ट ठरणाऱ्या वस्तीत उद्योग, विश्रांती व शेजार यांची जी सूक्ष्म व्यवस्था होती, ती अधिकृत वसाहतींत आढळत नसे. ओटे, वळणाच्या गल्ल्या व लहान चौक अरण्यमध्ये आले ते या निरीक्षणांमुळे. येथे ज्यांच्यासाठी घरे बांधावयाची, त्यांनी स्वतः बांधलेली घरे हेच पाठ्यपुस्तक ठरले. अरण्यला १९९५ मध्ये आगाखान पारितोषिक मिळाले व दोशी यांना २०१८ मध्ये प्रित्झ्कर पारितोषिक देण्यात आले.

लातूर भूकंपाचा धडा : ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सु. दहा हजार माणसे दगावली. त्या भागातील घरे जाड दगडी भिंतींची, चिखलात रचलेली व माळवदाची होती. लाकडी खणांवर घातलेला पांढऱ्या मातीचा जाड थर उन्हाळ्यात घर थंड ठेवी व बांधावयास बाहेरून जवळजवळ काही आणावे लागत नसे. पर्यावरणानुकूल, अल्पखर्ची व परंपरासिद्ध या तिन्ही कसोट्यांना हे घर उतरते. परंतु दुहेरी भिंतीची दोन अंगे सांधणारे आरपार दगड तीत क्वचितच असत व पावसाच्या गळतीवर उपाय म्हणून माळवदावर माती चढत गेल्याने वरचा भार वाढलेला होता. भूकंपात भिंती ढासळल्या व मातीखाली माणसे गाडली गेली. अनेक घरांत खणांचे लाकडी सांगाडे मात्र उभेच राहिले.

पुनर्वसनात ५२ गावे पूर्णतः नव्या जागी वसविण्यात आली. भूकंपरोधक घरांच्या सरळ रांगा, रुंद रस्ते व काँक्रीटची पातळ छते त्यांत आली. सुरक्षितता मिळाली, परंतु उन्हाळ्यात तापणारे छत, दूर गेलेला शेजार, गुरे व कडबा यांना न उरलेली जागा यांबद्दलची नाराजी अभ्यासकांनी नोंदविली. काही गावांत रहिवाशांनी पुढे पडव्या, कुंपणभिंती व छपऱ्या घालून वाड्याच्या अंगणासारखी रचना पुन्हा निर्माण केली. न हलविलेल्या गावांत जुनी घरे आरपार दगड घालून, भार कमी करून व लाकडी सांध्यांना बळकटी देऊन सुरक्षित करण्याचे कामही याच कार्यक्रमात झाले. या उदाहरणात कोणताही एक पक्ष सर्वस्वी योग्य ठरत नाही. परंपरेचे निर्विवाद गौरवीकरण प्राणघातक ठरू शकते व केवळ बळकटीचा विचार केलेले घर राहण्याजोगे होतेच असे नाही, या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याला एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात.

प्रत्यक्ष बांधणीतून शिक्षण : पूर्वीची उदाहरणे अभ्यासण्याबरोबरच विद्यार्थ्यांनी स्वतः उदाहरण निर्माण करावे, ही कल्पना अमेरिकेत रुजली. येल विद्यापीठात चार्ल्स मूर याने १९६७ मध्ये विद्यार्थ्यांकडून इमारत बांधून घेण्याचा परिपाठ सुरू केला. अलाबामातील ऑबर्न विद्यापीठाचे 'रूरल स्टुडिओ' हे केंद्र सॅम्युएल मॉकबी (१९४४–२००१) व डी. के. रुथ यांनी १९९३ मध्ये हेल परगण्यात स्थापन केले. निर्धन ग्रामीण कुटुंबांसाठी विद्यार्थ्यांनी गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंती, टाकाऊ द्रव्ये इत्यादींतून घरे बांधली. ही प्रारंभीची घरे कल्पक असली, तरी प्रत्येक घर एकमेव असे. म्हणून २००५ पासून वीस हजार डॉलरांत बांधता येईल असे घर, हा प्रकल्प हाती घेण्यात आला. अत्यल्प निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या व्यक्तीस जेवढे कर्ज फेडता येईल, त्यावरून ही मर्यादा ठरविली होती. मागील वर्षीच्या घरातील दोष पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांनी दुरुस्त करावयाचे, हा या प्रकल्पाचा गाभा होय.

चिलीमधील इकीके येथे 'एलेमेंटाल' या गटाने आलेहांद्रो आराव्हेना याच्या नेतृत्वाखाली २००४ मध्ये सु. शंभर कुटुंबांसाठी बांधलेली किंता मोनरॉय वसाहत ही अर्ध्या घराच्या कल्पनेमुळे गाजली. जमीन, सुविधा व घर मिळून दर कुटुंबास सु. ७,५०० डॉलर अनुदान उपलब्ध होते. गावाबाहेर लहान पूर्ण घर देण्याऐवजी शहरातील मूळ जागीच, स्वयंपाकघर, न्हाणी, जिने इ. अवघड भाग असलेले निम्मे घर देण्यात आले व उरलेली जागा वाढीसाठी रिकामी ठेवण्यात आली. रोजगाराजवळची जागा टिकविणे हाही खर्चाचाच भाग आहे, हे तत्त्व यातून स्पष्ट होते. मात्र कुटुंबांनी स्वतः घातलेल्या भागांचा दर्जा त्यांच्या ऐपतीप्रमाणे भिन्न राहतो, ही या पद्धतीची मर्यादा होय.

सधन देशांतील उदाहरणांपैकी दक्षिण लंडनमधील बेडझेड ही २००२ मध्ये पूर्ण झालेली सु. शंभर घरांची वसाहत उल्लेखनीय आहे. जाड उष्णतारोधक भिंती, दक्षिणाभिमुख काचा व वाऱ्यावर चालणारी वायुवीजन-धुराडी यांमुळे तेथील उष्णतेची गरज पुष्कळच घटली. मात्र लाकडाच्या तुकड्यांवर चालणारे वीज व उष्णता निर्मितीचे संयंत्र काही वर्षांतच बंद करून गॅसवरील तापकांचा आश्रय घ्यावा लागला. काही वर्षांनी केलेल्या मोजण्यांचे अहवाल प्रसिद्ध झाल्यामुळे हे दोन्ही ज्ञात झाले. भिंत व खिडकी यांसारखे जे घटक रहिवाशांवाचून चालतात ते टिकले व ज्यांना सतत तंत्रज्ञ लागतो ते बंद पडले, हा निष्कर्ष अल्प उत्पन्नाच्या वसाहतींना अधिकच लागू पडतो.

अलीकडील प्रवृत्ती : भारतात २००७ मध्ये 'गृह' ही हरित इमारतींची मानांकन पद्धती सुरू झाली. डिसेंबर २०१८ मध्ये ऊर्जा दक्षता विभागाने निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' प्रसिद्ध केली. शीत हवामानाखेरीज इतरत्र भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचे प्रमाण दर चौ. मी. स १५ वॉटपेक्षा अधिक नसावे, असा दंडक तीत आहे. २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली. जानेवारी २०२१ मध्ये इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरताळा व लखनौ येथे प्रत्येकी सु. एक हजार घरांच्या, परस्परांहून भिन्न तंत्रांनी बांधावयाच्या सहा प्रकल्पांची कोनशिला बसविण्यात आली. विद्यार्थी व अभियंते यांनी बांधकाम चालू असताना तेथे येऊन शिकावे, या हेतूने त्यांना जिवंत प्रयोगशाळा म्हटले गेले. बांधणीचा वेग व तंत्र यांचे शिक्षण अशा रीतीने मिळू शकते. घर म्हणून त्यांची परीक्षा मात्र रहिवाशांच्या अनुभवावरूनच होईल.

मूल्यमापन : उदाहरण-अभ्यासाच्या पद्धतीवर दोन आक्षेप घेतले जातात. एक, एका जागेचे ज्ञान दुसऱ्या जागी लागू पडत नाही. दोन, प्रसिद्धी पावलेली उदाहरणे बहुधा यशस्वी म्हणून निवडलेली असल्याने अभ्यास एकांगी होतो. पहिल्या आक्षेपाचे उत्तर हवामान, द्रव्य, मजुरी व जमीन यांची मोजमापे प्रत्येक उदाहरणाबरोबर देण्यात आहे. त्यांच्या आधारे काय उचलावे व काय सोडावे हे ठरविता येते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे व त्याचे उत्तर फसलेल्या उदाहरणांनाही अभ्यासक्रमात समान स्थान देण्यातच आहे. रिकामे राहिलेले गुर्ना, पाडले गेलेले नळी घर, बदललेले बेलापूर व कोसळलेले माळवद यांनी या विषयास जे शिकविले, ते पारितोषिकप्राप्त छायाचित्रांनी शिकविलेले नाही.

भारतातील बहुतेक वास्तुकला विद्यालयांत विद्यार्थी एखाद्या वसाहतीस एकदा भेट देऊन नकाशे व चित्रे तयार करतात. तीच वसाहत दर काही वर्षांनी नव्या विद्यार्थ्यांनी पुन्हा मोजावी, तेथील तपमान व विजेचा वापर नोंदवावा, रहिवाशांची मते घ्यावीत व या नोंदी पुढील तुकडीच्या हाती द्याव्यात, तर एका पिढीत प्रत्येक जिल्ह्याच्या हवामानास व द्रव्यांस अनुरूप अशा गृहरचनेचे विश्वसनीय ज्ञान जमा होऊ शकेल. यासाठी लागणारी साधने तापमापक, मोजपट्टी व वही एवढीच आहेत. ज्यांना आपले घर एकदाच बांधता येते, त्यांच्यासाठी रचना करणाऱ्याने आधीच्या चुका पुन्हा न करणे, हे या शिक्षणाचे किमान उद्दिष्ट होय.